कोणता द्राक्षारस?

जूनचा पहिला रविवार. नाशकात पाऊस अजून यायचा होता आणि चर्चमधले पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. पप्पा माझ्याकडे राहायला येऊन दहाच दिवस झाले होते. नगरच्या आमच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घ्यायची भाकर आणि द्राक्षारस, बसल्या जागी मिळतं. भोकं पाडलेल्या लाकडी ट्रेमधून बोटभर उंचीचे काचेचे पेले बाकांवरून पुढं सरकत येतात, सगळ्यांच्या हातात पोचले की पाळक सांगतात आणि सगळे एकदम पितात. इथली रीत वेगळी. हे चर्च मूळचं इंग्रजी मिशनचं, त्यामुळं वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकायचे आणि सगळ्यांनी एकाच चांदीच्या प्याल्यातून घोट घ्यायचा. लग्न होऊन आल्यापासून मला ह्याची इतकी सवय झालीय, की पप्पांना आधी सांगून ठेवावं हे डोक्यातच आलं नाही. ते माझ्या डाव्या हाताला गुडघे धरत धरत टेकले. भाकर घेतली. पाळक प्याला घेऊन त्यांच्यापुढं आले, प्याल्याची कड फडक्यानं पुसली, आणि पप्पांनी मान वर करून, हळू पण सगळ्या कठड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पाळकसाहेब, हा कोणता द्राक्षारस?"

रांग थांबली. तरुण पाळक गडबडले. "पोर्ट वाईन आहे, काका," ते कुजबुजले. त्यावर पप्पांनी काय करावं? पंगतीत वाढपी पुढं आला की नको म्हणताना आपण ताटावर हात आडवा धरतो ना, अगदी तसा हात त्यांनी प्याल्यापुढं आडवा धरला. आणि तसेच डोळे मिटून बसून राहिले. प्याला माझ्याकडे आला. मी प्यायले. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात देव नव्हता, प्रार्थना नव्हती. मागच्या बाकावरच्या कुणीतरी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं होतं आणि माझे कान तापले होते. बारा वर्षांची असताना पगाराच्या दिवशी मम्मी मला कंपनीच्या गेटवर पाठवायची, पप्पांचं बोट धरून त्यांना गुत्त्याच्या रस्त्यानं न नेता घरी आणायला. तेव्हा तापायचे तसेच.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही.

मराठी बायबलनं आमची मोठी गंमत करून ठेवली आहे. त्यात वाईनला शब्द एकच, द्राक्षारस. लहानपणी मला काना गावच्या लग्नाची गोष्ट ऐकताना वाटायचं, येशूनं सहा रांजण पाण्याचं सरबत केलं. लग्नघरातलं सरबत संपलं, म्हणून आईनं लेकाला सांगितलं, ह्यात अडचण काय? आमच्या नगरात तर खरोखरच सरबत असायचं. 1831 साली नगरात ठाण मांडलेल्या अमेरिकन मिशनचा दारूविरोधी बाणा अजून आमच्या मंडळ्यांच्या अंगात आहे, त्यामुळं वेदीवर आंबलेला रस येत नाही. आणि बाहेर मात्र सगळा उलटा समज. शाळेत नाताळच्या सुट्टीनंतर मैत्रिणी हमखास विचारायच्या, तुमच्याकडे मग दारू चालते ना गं? सिनेमातल्या ख्रिश्चनाच्या हातात बाटली असतेच, त्याला आमचा इलाज नव्हता. मी तावातावानं सांगायची, आमच्या चर्चमध्ये थेंबसुद्धा चालत नाही. चर्चमध्ये चालत नव्हता हे खरंच होतं.

पप्पा टर्नर होते. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर. हात असा, की मायक्रोमीटर लावायच्या आधीच जॉब किती झालाय ते सांगायचे. पुढं पुढं सकाळी तेच हात थरथरायला लागले. मग ते थांबवायला कामावर जाण्याआधी एक चपटी, जेवणाच्या सुट्टीत एक, संध्याकाळचा तर हिशेबच नाही. संत्रा म्हणून मिळणारी ती देशी. तिच्या वासात संत्र्याचा काय संबंध होता कोण जाणे, पण अजूनही कुणी समोर संत्रं सोललं की मी खिडकीकडे सरकते. मम्मीचा आवाज कधी चढल्याचं मला आठवत नाही. ती भांडी घासायची. रात्री साडेअकराला, घासलेलीच भांडी पुन्हा. जिन्यावर पावलं वाजली की राख आणि नारळाच्या शेंडीचा आवाज एकदम वाढायचा.

पप्पांची साक्ष आमच्या मंडळीत प्रसिद्ध आहे. उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं म्हणजे साक्ष देणं, आणि पप्पांची साक्ष लोकांना नुसती आवडत नाही, लोक ती मागून घेतात. संजीवन सभेला, तरुणांच्या शिबिराला, एकदा तर राहुरीकडच्या एका खेड्यातल्या लग्नात. ती अशी आहे. 1998 साल, 10 एप्रिल, उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं चाललेली. पप्पा सावलीसाठी म्हणून मागच्या दाराशी येऊन बसलेले, प्यालेले. पाचवा उद्गार आला, "मला तहान लागली आहे." आणि पप्पा म्हणतात, मला वाटलं हे माझंच वाक्य कुणीतरी चोरलंय. प्रवचनकारानं मग दोन पेल्यांची गोष्ट सांगितली. शेवटी येशूला आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, दिली ती बोरूला बांधलेल्या स्पंजातून. पण त्याच्याही आधी, खिळे ठोकण्यापूर्वी, वेदना कळू नयेत म्हणून त्याला बोळ नावाचा डिंक मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता, आणि मार्कानं लिहिलंय की त्यानं तो घेतला नाही. त्याने तो घेतला नाही, हे चार शब्द पप्पा साक्षीत तीनदा म्हणतात. मग ते घरी आले, उरलेली बाटली मोरीत ओतली, आणि तिसऱ्या दिवशी, पुनरुत्थानाच्या रविवारी, माझंही पुनरुत्थान झालं. हालेलुया. टाळ्या.

मी त्या घरात होते.

बाटली मोरीत ओतली ती खरी. शनिवारी पप्पांना दरदरून घाम सुटायला लागला आणि हात इतके हलायला लागले की मम्मीनं त्यांना बशीनं चहा पाजला. रविवारी पहाटे, ज्या वेळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानाकडे गाणी म्हणत निघाली होती, तेव्हा पप्पा भिंतीवरच्या मुंग्या झाडत होते. भिंतीवर मुंगी नव्हती. मग मुंग्यांचे उंदीर झाले आणि ते उंदीर माझ्या पांघरुणावर चढायला लागले म्हणून त्यांनी माझं पांघरूण ओढून खिडकीबाहेर फेकलं. शेजारच्या दोघांनी धरून त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात हात-पाय पट्ट्यांनी कॉटला बांधले, सलाईन लावलं, त्यातून व्हिटॅमिन बी वन सोडलं, झोपेची इंजेक्शनं दिली. इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं अशी एकदम तोडायची नसते, डॉक्टर मम्मीवर खेकसले, फिट येते, बरळ लागते, दोन-तीन दिवसांत माणूस हातचा जातो, दवाखान्यात राहून उतरवायची असते. मम्मी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, त्यांनी मला विचारून नाही तोडली." ईस्टरची ती सकाळ मी दवाखान्याच्या पायरीवर उकडलेलं रंगीत अंडं सोलत काढली. साक्षीत हे कुठंच नाही. नंतर सुरू झालेल्या गोळ्याही नाहीत, ज्या घेऊन वर दारू घेतली तर माणसाला उलट्या होऊन धाप लागते आणि ज्या मम्मी रोज सकाळी स्वतः कुटून पाण्यातून द्यायची. मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एकानं, तिला सुनावलं होतं, प्रभूनं बरं केलंय तर गोळ्या कशाला, विश्वास कमी पडतोय का? तिनं त्यांना चहा दिला आणि गोळ्या चालू ठेवल्या.

आणि मनुकांची गोष्ट तर नाहीच नाही.

प्रभुभोजनाचा रस करण्याची पाळी मंडळीतल्या बायकांमध्ये फिरायची. द्राक्षांचा हंगाम असला तर काळी द्राक्षं, नाही तर काळ्या मनुका. जून 98 मध्ये मम्मीची पाळी होती. पाऊस नुकताच सुरू झालेला, पप्पांना सोडून आठ आठवडे. शनिवारी दुपारी तिनं मनुका तीन पाण्यांनी धुतल्या, गरम पाण्यात भिजवल्या, फुगल्यावर कुस्करून पातेल्यात मंद आचेवर उकळल्या. घरभर तो जड, गोड, किंचित मातीसारखा वास. मग धुवट पंच्यातून गाळून, पिळून, थोडी साखर घालून, दोन काचेच्या बाटल्या भरल्या. फ्रिज आमच्याकडे नव्हता. माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. रात्री मला जाग आली ती गटगट आवाजानं. अंधारात पप्पा माठाजवळ उकिडवे बसले होते आणि बाटली तोंडाला लावली होती. दुसरी रिकामी होऊन आडवी पडलेली. पिऊन झाल्यावर ते थांबले, काहीतरी व्हायची वाट बघत असल्यासारखे. मग रडायला लागले. मम्मी उठली. तिनं दिवा लावला नाही. ती काही वेळ त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली, आणि पाच वाजता खाली जाऊन वाण्याचं दार वाजवून अर्धा किलो मनुका उधार घेऊन आली. भिजवायला वेळ नव्हता. त्या दिवशी आमच्या मंडळीनं फिक्कट, पाणचट रस घेतला. ट्रे सरकवताना तेच ते वडील म्हणाले, "ह्या खेपेला रस पातळ झालाय." मम्मी म्हणाली, "हो ना."

ऑगस्टमध्ये पप्पा परत देशीवर गेले. कुटलेल्या गोळ्यांचं पाणी तोंडात धरून मोरीत थुंकायला शिकले होते. त्यानंतरचे तीन महिने मी इथं लिहिणार नाही. एवढं खरं, की ह्या तीन महिन्यांत ते चर्चला यायचे थांबले, कारण तिथं त्यांचं पुनरुत्थान आधीच होऊन बसलं होतं. ज्याच्या नावानं टाळ्या पडल्यात त्यानं मागच्या दाराशी पुन्हा प्यालेलं बसायचं कसं? मला वाटतं साक्षीचा हा भाग कुणी फारसा बोलत नाही.

त्यांना उचललं ते एका वारकऱ्यानं. त्याच वर्कशॉपमधले फिटर, गळ्यात तुळशीची माळ, कधीकाळी पप्पांच्याही वरचढ पिणारे. त्या काकांनी पप्पांना एका शाळेच्या खोलीत भरणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना धरून राहणाऱ्या दारुड्यांच्या, मीटिंगला ओढून नेलं. लहान मुलांचे बाक, फळ्यावर दुपारच्या तासाची बेरीज-वजाबाकी तशीच, आणि त्यांत गुडघे मुडपून बसलेले दहा-बारा बाप्ये. पप्पा कुरकुरले, तिथं नुसतं उच्च शक्ती म्हणतात, नाव घेत नाहीत, माझ्या येशूला काय मी खिशात ठेवू? काका म्हणाले, "तुझा येशू तू आण, माझा विठोबा मी आणतो. सहा वाजता यायचं मात्र." मंडळीतही कुजबुज झाली, की हा दुसऱ्याच कुठल्या पंथाला लागला. खूप वर्षांनी मी वाचलं, की हे सगळं 1935 साली अमेरिकेत, ओहायोतल्या अक्रन गावी सुरू झालं, एका शेअर दलालानं आणि एका डॉक्टरनं मिळून, आणि दोघंही पडीक दारुडे. दोघं ज्या प्रार्थनागटात जायचे तो ख्रिस्ती, ऑक्सफर्ड ग्रुप नावाचा. व्यसन सोडायच्या त्यांच्या बारा पायऱ्या लिहून व्हायच्या होत्या तेव्हा ही माणसं बायबलातलं डोंगरावरचं प्रवचन आणि याकोबाचं पत्र वाचून दिवस ढकलायची. आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे बरे व्हाल, हे त्याच पत्रात आहे. मंडळीतले वडील ज्याला परकं समजत होते ते आमच्याच घरातून बाहेर गेलेलं होतं, आणि एका माळकऱ्याच्या हातानं परत आलं होतं. आपल्याकडे वांद्र्याला 1981 साली कृपा फाउंडेशन काढणारे फादर जो परेरा तर स्वतः ह्या व्यसनातून गेलेले. त्यांनी ह्या पायऱ्यांना अय्यंगारांच्या योगासनांची जोड दिली. वेदीपुढं उभ्या राहणाऱ्यालाही बरं व्हायला दुसऱ्या दारुड्याची गरज पडली, हे मला आधी कळलं असतं तर मी त्या गोळ्यावाल्या वडिलांना काहीतरी बोलले असते. कदाचित नसतेही.

म्हणून आमच्या घरात दोन तारखा आहेत. मंडळीत उत्तम शुक्रवार. मीटिंगमध्ये 22 नोव्हेंबर 1998, शेवटच्या पेल्याच्या दुसऱ्या दिवसाची. एक वर्ष झालं तेव्हा ओपन मीटिंगला घरच्यांना बोलावलं होतं. केकवर एकच मेणबत्ती, आणि बेचव फरसाण. पप्पा उभे राहिले, आपलं नाव सांगितलं, मी एक दारुडा आहे म्हणाले, आणि मी पहिल्यांदा ती दुसरी साक्ष ऐकली. तीत मुंग्या होत्या, पट्ट्या होत्या, थुंकलेल्या गोळ्या होत्या. "मी प्रभूच्या मेजावरचा रस चोरून प्यालो," ते म्हणाले, "वाटलं, दुपारचा केलाय, थोडा तरी आंबला असेल. नुसताच गोड होता." कुणी हालेलुया म्हणालं नाही. मागून एकानं फक्त नाक ओढलं. मग मम्मीला बोला म्हणाले. ती कधीच बोलत नसे. पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "त्या मनुकांचे पैसे मी दोन महिन्यांनी फेडले. एवढंच." सगळी खोली हसली. पप्पा हसता हसता बाकावर डोकं टेकून बसले.

मी कॉलेजात असताना त्यांच्याशी ह्यावरून कडाक्याचं भांडले होते. चर्चमध्ये खोटं का सांगता? मम्मीनं केलं ते सगळं येशूच्या नावावर का मांडता? ते बराच वेळ गप्प होते. मग आतून बायबल आणलं. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायाखाली लाल बॉलपेननं इतक्या रेघा मारलेल्या, की कागद फाटायला आला होता. तिथं दारुड्याचं वर्णन आहे: मला मारलं पण मला लागलं नाही, मी कधी जागा होईन, मी पुन्हा तिच्याकडेच जाईन. "हे लिहिणाऱ्याला माहीत होतं," पप्पा म्हणाले. "जागा झाल्यावर पुन्हा जाईन. मला रोज सकाळी हेच वाटतं. अजून. मग मी म्हणतो, त्याने तो घेतला नाही. मग दात घासतो." ह्यावर मला वाद घालता आला नाही, पण पटलं असंही नाही. माझा स्वतःचा विश्वास आता असा आहे, की नाताळला आणि संकटात आठवतो. तरीही त्यांच्या त्या शुक्रवारातला एक कण मला काढून टाकता येत नाही. एप्रिलमध्ये ते वाक्य कानावर पडलं नसतं, तर नोव्हेंबरात त्या खोलीपर्यंत ते चालत गेले असते का? आणि मम्मी आठ महिने कशाच्या जोरावर गोळ्या कुटत होती? तिला विचारायचं राहिलं. चार वर्षांपूर्वी ती प्रभूत निजली. मंडळीनं गायिलेलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद तिच्या आवडीचं होतं, एवढं तरी मला माहीत होतं.

त्या जूनच्या रविवारी संध्याकाळी तरुण पाळक स्वतः घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, आधी सांगितलं असतं तर वेगळा पेला ठेवला असता. रोमन कॅथलिकांमध्येसुद्धा, त्यांनी सांगितलं, व्यसनातून उठलेल्या फादरांना बिशपांच्या परवानगीनं मस्टम चालतं, म्हणजे जेमतेम आंबू लागलेला द्राक्षरस. पप्पांना जेमतेम हा शब्द आवडला नाही. "आमच्या मंडळीत उकळलेला असतो," ते म्हणाले. मी नंतर शोधलं. 1869 साली न्यू जर्सीतल्या वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं बाटलीतला द्राक्षरस गरम पाण्यात तापवून त्याचं आंबणं थांबवलं, ते त्याच्या चर्चच्या प्रभुभोजनासाठीच. दंतवैद्य तिकडं बाटल्या तापवत होता आणि मम्मी नगरच्या मोरीशेजारी पातेलं, आणि दोघांचं भांडण एकाच गोष्टीशी. पाळक निघताना म्हणाले, जुलैला घरूनच आणाल का?

नाशिकसारख्या गावात, जिथं शनिवार-रविवारी मुंबईची माणसं वाईन चाखायला गाड्या भरून येतात, मी काळ्या मनुका शोधत भद्रकालीत फिरले. जूनच्या शेवटी पाऊस आला. शनिवारी दुपारी मी मनुका तीन पाण्यांनी धुतल्या. किती पाणी, किती वेळ, साखर आधी की नंतर, काहीच माहीत नव्हतं; पप्पा ओट्याशी स्टूल टाकून बसले होते आणि पातेल्यात नुसते बघत होते. उकळी फुटली आणि तो वास आला. "अजून," ते म्हणाले. मी गॅस चालू ठेवला. "अजून थोडा." मम्मीपेक्षा कितीतरी जास्त आटवला आम्ही. गाळला तेव्हा काकवीसारखा घट्ट निघाला. एकच लहान बाटली भरली. त्यांनी बूच काढून वास घेतला, लावलं, पुन्हा काढून घेतला, आणि बाटली माझ्या हातात दिली, फ्रिजच्या दारात नको, आत मागं ठेव म्हणाले.

रात्री पाऊस जोरात होता. अडीचच्या सुमारास मला जाग आली. हॉलमध्ये पावलं. मग फ्रिजच्या दाराचं रबर सुटल्याचा तो चिकट आवाज, आणि दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड. मी अंथरुणात उठून बसले. काचेवर काच वाजली. भांड्यात काहीतरी ओतल्याचा आवाज आला. पाणी असावं. मी मोजायला लागले, लहानपणी जिन्यावरची पावलं मोजायचे तशी. अकराला फ्रिजचं दार लागलं आणि उजेड गेला. मी उठून बघायला गेले नाही.